देवमासा वाचला, म्हणून मोजणी थांबू नये

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मॉन्टेरेच्या दक्षिणेला ग्रॅनाइट कॅन्यन नावाची जागा आहे. तिथल्या कड्यावर एक छोटी शेड आहे. ऐन हिवाळ्यात अमेरिकेच्या ‘नोआ’ या सरकारी सागरी संस्थेची माणसं तिथे पाळीपाळीने बसतात आणि दक्षिणेकडे निघालेले करडे देवमासे मोजतात. आधी फवारा दिसतो. मग पाठ दिसते. तिच्यावर उभा पर नसतो, शेपटीकडे उतरत गेलेले उंचवटे असतात आणि अंगाला चिकटलेल्या बार्नेकलचे पांढरट चट्टे असतात. देवमासा बुडी मारतो, तो तीन-चार मिनिटांनी बराच पुढे वर येतो. तोवर मागून दुसरे आलेले असतात. कुठला मोजला आणि कुठला राहिला, याचं भान ठेवून वेळ, दिशा, अंतर आणि संख्या लिहायची. रात्री किती गेले याचा अंदाज बांधायला उष्णता टिपणारे कॅमेरे वापरले गेले आहेत. १९६७ पासून ही मोजणी होत आली आहे.

हे देवमासे उन्हाळा अलास्का आणि रशियामधल्या बेरिंग व चुकची समुद्रांत काढतात. हिवाळ्यात मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या उथळ खाड्यांत, सान इग्नासिओ आणि ओहो दे लिएब्रेमध्ये, माद्या वितात. जाऊन-येऊन हा प्रवास सोळा हजार किलोमीटरच्या वर जातो. १८५७ मध्ये चार्ल्स स्कॅमन या कप्तानाने ओहो दे लिएब्रेची खाडी शोधली आणि शिकारी जहाजांना माद्या-पिल्लांपर्यंतची वाट सापडली. जात जवळजवळ संपली. पुढे शिकारीवर बंदी आली, संख्या सावरली आणि १९९४ मध्ये अमेरिकेने या देवमाशांना संकटग्रस्तांच्या यादीतून काढलं.

मला जे सांगायचं आहे, ते इथून सुरू होतं. यादीतून काढलेल्या प्राण्यावर किमान पाच वर्षं लक्ष ठेवायचं, एवढंच अमेरिकी कायदा सांगतो. ती पाच वर्षं १९९९ मध्ये भरली आणि त्याच वर्षी किनाऱ्यावर मेलेले देवमासे लागायला सुरुवात झाली. मुदत भरली म्हणून शेडला कुलूप लागलं असतं, तर पुढचं काहीच कळलं नसतं. संख्या पुन्हा वाढून २०१६ मध्ये सत्तावीस हजारांच्या घरात गेली, हेही नाही आणि २०२३ च्या हिवाळ्यापर्यंत ती साडेचौदा हजारांवर घसरली, हेही नाही.

मेलेले देवमासे मोजून हे समजलं असतं, असं कुणी म्हणेल. डिसेंबर २०१८ ते नोव्हेंबर २०२३ या काळात मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत ६९० मृत देवमाशांची नोंद झाली. कमी झाले मात्र बारा हजारांहून अधिक. यात पिल्लं कमी जन्मल्याचाही वाटा आहे. तरीही बहुतेक मृत देवमासे समुद्रातच बुडतात किंवा निर्मनुष्य किनाऱ्यावर कुजतात. वाळूवर येतो तो त्यातला लहानसा भाग. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अशीच मोठी घट झाली होती. ती मोजणीच्या जुन्या आकड्यांवरून संशोधकांच्या ध्यानात आली आणि त्याबद्दलचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चढउतारांचं मूळ उत्तरेत आहे. करडा देवमासा तळाशी जाऊन कुशीवर वळतो, बहुधा उजव्या. मग चिखल तोंडात ओढून त्यातले कोळंबीसारखे बारीक जीव गाळून खातो. हे जीव पोसले जातात बर्फाखाली वाढून तळाशी पडणाऱ्या शेवाळावर. बर्फ मागे हटला की देवमाशाला चरायला जागा जास्त मिळते, पण तळाशी पडणारं अन्न घटत जातं. देवमासा वर्षभराची चरबी मुख्यतः त्या उन्हाळ्यातच साठवतो. गाभण राहून वर्षभर पिल्लू पोटात वाढवायचं आणि पुढे दूध पाजायचं, तेही त्याच चरबीवर. म्हणून उपासमार आधी पिल्लांच्या संख्येत दिसते. कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर पिएद्रास ब्लांकास इथे १९९४ पासून उत्तरेला परतणाऱ्या माद्या-पिल्लांची मोजणी होते. २०२५ मध्ये तिथून गेलेल्या पिल्लांचा अंदाज आला सुमारे ८५. त्या नोंदवहीतला हा सर्वांत कमी आकडा. मधल्या एका हिवाळ्यात एकूण संख्या वर आली होती. पण एका वर्षीच्या पावसावर कुणी दुष्काळ हटल्याचं ठरवत नाही. २०२५ चा एकूण अंदाज तेरा हजारांच्या आसपास आला, १९७० च्या दशकानंतरचा नीचांक.

उपग्रहाचं महत्त्व मी नाकारत नाही. रशियाच्या सखालिन बेटाजवळ उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारा टॅग लावलेली ‘वारवारा’ ही मादी बाहापर्यंत जाऊन परत आली. १७२ दिवसांत साडेबावीस हजार किलोमीटर. पूर्व आणि पश्चिम पॅसिफिकचे देवमासे अगदी वेगळे, या समजाला तिच्या प्रवासाने धक्का दिला. पण टॅग एका देवमाशाची वाट दाखवतो. मागे किती उरले, हे तो सांगत नाही. त्यासाठी दुर्बीण घेऊन कड्यावर बसणारी माणसं लागतात, तीही वर्षानुवर्षं, त्याच जागी आणि त्याच पद्धतीने. अशा कामात नवल नसतं, त्यामुळे काटकसरीची कात्री आधी त्याच्यावरच चालते. खंड पडलेलं वर्ष पुढे कितीही पैसा ओतला तरी भरून काढता येत नाही.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. प्राणी यादीत असो वा नसो, या मोजणीचा खर्च कायमचा धरला जावा. लॉस एंजलिसजवळ पॉइंट व्हिसेंटेला अमेरिकन सिटेशियन सोसायटीचे स्वयंसेवक डिसेंबर ते मे रोज बसून हेच काम करतात. त्या भागात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांनी येत्या हिवाळ्यात तिकडे जावं आणि जमलं तर मोजायलाही बसावं. जिथे नागरिक स्वतः हजर असतात, तिथे मोजणी बंद करायला सरकारलाही दोनदा विचार करावा लागतो.