पाकिटावरील नाव

तुळशीचे लग्न लागले की आपल्या घरांतून लग्नसराईची चाहूल लागते. आता पुष्कळशी आमंत्रणे मोबाइलवरूनच जातात. दूरच्या आप्तांना ती क्षणात पोहोचतात, हा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. तथापि देवापुढे ठेवावयाची पहिली पत्रिका आणि वडीलधाऱ्यांना पाठवावयाच्या पत्रिका अद्याप कागदाच्याच असतात. पत्रिकेतील मजकूर सर्वांना सारखाच. त्यात एका विशिष्ट पाहुण्यासाठी म्हणून जे काही असते, ते पाकिटावरील नाव! म्हणूनच ते छापील चिठ्ठी चिकटवून न भागवता हाताने, सुवाच्य अक्षरात लिहावे.

नावाआधी काय लिहावे, हा पहिला प्रश्न. ‘तीर्थरूप’ हे आईवडिलांसाठी आणि ‘तीर्थस्वरूप’ हे त्यांच्या बरोबरीच्या वडीलधाऱ्यांसाठी. वयाने लहान असलेल्यांना ‘चि.’. ही संबोधने नात्याची आहेत; त्यांची जागा आतल्या पत्रात. पाकीट टपालवाल्याच्याही हाती पडते, तेथे ‘श्री.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’ हेच शोभते. ‘डॉ.’ किंवा ‘प्रा.’ असल्यास त्यामागे पुन्हा ‘श्री.’ जोडू नये. जुन्या पत्रांतील ‘रा. रा.’, म्हणजे ‘राजमान्य राजेश्री’, आता मागे पडले आहे. मात्र नावापुढचे ‘यांस’ अवश्य ठेवावे. त्या दोन अक्षरांनी पत्ता हा निरोप होतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पती निवर्तल्यावर त्या घरची पत्रिका कोणाच्या नावे पाठवावयाची? पुष्कळदा ती मुलाच्या नावे जाते आणि ज्या माउलीने आपल्या घरची चार कार्ये निभावून नेली, तिचे नाव पाकिटावरून पुसले जाते. नाव घातलेच तर मागे ‘गं. भा.’ लागते. ‘गंगाभागीरथी’ हा शब्द आदराने योजलेला असला, तरी तो वाचणारीला प्रत्येक वेळी तिचे वैधव्य आठवून देतो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. पुढे २०२३ मध्ये ‘गंगाभागीरथी’ हे संबोधन सरकारी व्यवहारात आणण्याची कल्पना निघाली, तेव्हा तीवर मोठी टीका झाली. यातून आपण एवढेच घ्यावे, की ‘श्रीमती’ पुरेसे आहे. घरात त्या वडील असतील तर पाकिटावर पहिले नाव त्यांचे असावे आणि खाली ‘सहकुटुंब सहपरिवार’. कुंकवाचे बोट लावण्यातही भेद करू नये.

तिसरी गोष्ट आपल्या माळव्यातील. येथे मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच, त्यामुळे सोय होते, तशी फसगतही होते. हिंदी छापखान्यात ‘काळे’ यांचे ‘काले’ होतात आणि ‘गोखले’ व ‘गोळे’ दोघेही एकाच ‘ल’ च्या पंक्तीला बसतात. पिढ्यानपिढ्या येथे राहिलेल्या घरांतील मुलेही आता आडनाव तसेच लिहू लागली आहेत. छापखान्याशी भांडता येत नसेल. पण हाती लेखणी असताना ‘ळ’ सोडण्याचे कारण नाही. मुलांना या कामाला बसवावे. शाळेत मराठी नसलेल्या मुलाला शंभर पाकिटे लिहिताना शंभर आडनावांचे वळण हाताला बसते आणि कोण आपले कोण लागते, तेही कळते.

शेजाऱ्यांचाही विचार करावा. बडोद्यात गुजराती स्नेह्याचे आणि बेळगावात कन्नड स्नेह्याचे नाव त्याच्या लिपीत लिहून पाहावे. आपली मुले ती लिपी शाळेत शिकतातच. घरच्या आमंत्रणावर आपले नाव आपल्या अक्षरांत पाहून कोणाला संतोष होणार नाही?

पत्त्याच्या बाबतीत मात्र टपालाची सोय पाहावी. आपण बोलताना इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे म्हणतो. पाकिटावर गावाचे सरकारी नाव, जिल्हा व राज्य असावे. पिनकोडाचे सहा अंक सुटे आणि ठळक काढावेत. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी होते, हे मुलांना जरूर सांगावे. इंदूरचे अंक ४५२ ने, ग्वाल्हेरचे ४७४ ने, बडोद्याचे ३९० ने, बेळगावचे ५९० ने, तर हैदराबादचे ५०० ने सुरू होतात. शाई पाण्याने न फुटणारी घ्यावी. ज्येष्ठातील मुहूर्त असेल तर वळवाची सर ओळख ठेवत नाही.

अक्षराविषयी थोडेसे. मोडीत आधी रेघ ओढून मग तिला अक्षरे टांगीत. बाळबोधीत अक्षरे आधी आणि शिरोरेषा नंतर. हा क्रम पाळला की शब्द सरळ राहतो. जाड निबाने, सावकाश लिहावे. नक्षी नसली तरी चालेल, परंतु नाव एका दृष्टिक्षेपात वाचता यावे.

आणि हे सारे करण्यापूर्वी यादी वाचावी. मागल्या कार्याची वही तशीच उतरवून काढली, की वर्षापूर्वी गेलेल्या गृहस्थांच्या नावे मंगलकार्याचे पाकीट त्यांच्याच दारी जाऊन पडते. त्या घरी ते कोण उघडील, याची कल्पना करावी. यादीतील प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबावे, शंका असेल तेथे विचारपूस करावी, मगच दौतीचे झाकण उघडावे. आमंत्रण तेथूनच सुरू होते.