व्यसनमुक्तीची शपथ झाली. आता समुपदेशक कुठे शोधायचा?

26 जून हा राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीचा दिवस. अमली पदार्थविरोधी दिन म्हणूनही तो जगभर पाळला जातो. त्या दिवशी शाळा-महाविद्यालयांतून फेऱ्या निघतात, फलक लागतात, मुले हात पुढे करून शपथ घेतात. केंद्र सरकारचे ‘नशामुक्त भारत अभियान’ 15 ऑगस्ट 2020 रोजी 272 जिल्ह्यांत सुरू झाले. त्याचाही मोठा भर जनजागृतीवर आहे. जनजागृती हवीच. पण शपथ घेऊन घरी परतलेल्या मुलाचे वडीलच रोज पीत असतील, तर त्या घराने दुसऱ्या दिवशी कोणाचे दार ठोठवायचे, याचे उत्तर फलकावर नसते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत देशव्यापी पाहणी करून घेतली. तिचा अहवाल 2019 साली आला. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातील सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी 5.7 कोटी लोकांना दारूमुळे उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर 38 जणांमागे एकालाच कोणता ना कोणता उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार घेणारे तर 180 जणांमागे एक. आम्ही आयुष्य बँकेत काढले, म्हणून त्याच भाषेत सांगतो: योजना जाहीर झाली आहे, गरजू रांगेत आहेत, पण जवळपास शाखाच नाही.

खरी पोकळी कुठे आहे?

दारू सोडणे आणि दारूपासून दूर राहणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम डॉक्टरांचे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी बंद केली तर झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकते. म्हणून सुरुवात मानसोपचारतज्ज्ञाकडूनच व्हायला हवी. ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून जेवणात औषध मिसळणे तर फारच धोक्याचे. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर गंभीर त्रास होतो. ते त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

शरीरातून दारू उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. मग माणूस घरी येतो. गल्लीच्या तोंडावरचा बार तिथेच असतो. पगाराचा दिवस येतो, मित्राच्या घरची हळद येते, गणपतीची मिरवणूक येते, गोव्याहून कोणीतरी स्वस्तात बाटली आणतो. तलफ येते तेव्हा काय करायचे, कर्ज आणि अबोला यांनी पोखरलेले घर कसे सावरायचे, एकदा पाय घसरला तर पुन्हा उभे कसे राहायचे, यासाठी आठवड्या-पंधरवड्याला कोणीतरी सोबत बसावे लागते. हे काम वर्ष-दोन वर्षे चालते. नेमका हाच माणूस सापडत नाही. मग घरचे म्हणतात, ‘एवढा खर्च केला, तरी हा पुन्हा प्यायला.’ खर्च पहिल्या टप्प्यावर झाला होता. दुसरा टप्पा सुरूच झाला नव्हता.

पाटी आणि पात्रता

आपल्याकडे ‘काउन्सेलर’ अशी पाटी कोणीही लावू शकतो, अशीच स्थिती बराच काळ राहिली आहे. समुपदेशकांसह अनेक आरोग्य व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद 2021 च्या केंद्रीय कायद्याने केली, पण राज्याराज्यांतील अंमलबजावणी संथ आहे. तोवर कागद तपासणे आपल्यालाच करावे लागेल. कर्ज देताना आम्ही सात-बारा पाहत होतो, इथे नोंदणी पाहायची.

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तोच देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको. नंतर तीन साधे प्रश्न विचारावेत. व्यसनाच्या रुग्णांसोबत किती वर्षे काम केले आहे? गरज पडल्यास कोणत्या डॉक्टरांकडे पाठवता? रुग्ण पुन्हा प्यायला तर तुम्ही काय करता? ‘माझ्याकडे शंभर टक्के गुण येतो’ असे उत्तर मिळाले तर तिथून उठावे.

पदवी हेच सर्वस्व, असेही आमचे म्हणणे नाही. शेजारच्या गोव्यात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास झाला आणि 2017 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. घातक प्रमाणात पिणाऱ्या 377 पुरुषांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित, पण व्यावसायिक पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका दिल्या. तीन महिन्यांनी या गटातील 36 टक्के लोकांचे पिणे धोक्याच्या रेषेखाली आले. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण 26 टक्के होते. या समुपदेशकांना पद्धतशीर प्रशिक्षण मिळाले होते आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. शिवाय पूर्ण अवलंबून झालेल्या रुग्णांचा यात समावेश नव्हता. तात्पर्य, सुरुवातीलाच हात दिला तर थोडक्या मदतीनेही फरक पडतो. आपण मात्र ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ म्हणत यकृत बिघडेपर्यंत थांबतो.

केंद्रांबाबतही सावध असावे. मानसिक आरोग्य कायदा 2017 साली मंजूर झाला, 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या अतिसेवनाशी निगडित मानसिक अवस्था येतात. अशा रुग्णांना ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेने राज्य प्राधिकरणाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. संमतीशिवाय दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते आणि त्यांत एक मानसोपचारतज्ज्ञ असतो. ‘फोन करा, आमची माणसे येऊन उचलून नेतील’ असे सांगणारे केंद्र या कायद्याला धरून नाही.

मराठीत बोलायला माणूस

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. बेळगावचा माणूस कचेरीत कन्नड बोलतो, बाजारात हिंदी बोलतो, बँकेचा अर्ज इंग्रजीत भरतो. पण रात्री झोप का लागत नाही, बायकोसमोर मान वर का होत नाही, हे सांगायला त्याला मराठीच लागते. ‘तलफ’, ‘मन खाते’, ‘चारचौघांत शोभा झाली’ हे शब्द दुभाष्यामार्फत पोहोचत नाहीत. औषधाच्या चिठ्ठीला भाषा नसली तरी चालते, समुपदेशनाचे तसे नाही.

1986 साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेव्हापासून मराठीत या कामाची मोठी परंपरा तयार झाली आहे. पण पुणे इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. दाखल व्हायला तिथे जाता येते, दर आठवड्याच्या बैठकीला नाही. म्हणून आम्हाला व्यवहार्य वाटणारा मार्ग दुहेरी आहे. डॉक्टर जवळचा असावा: बेळगावातला, धारवाडच्या सरकारी डिमहान्समधला किंवा गोव्यात बांबोळीच्या सरकारी मनोरुग्णालयातला. समुपदेशक मराठी असावा. तो कोल्हापूर-पुण्याचा असेल तर व्हिडिओ कॉलवर बैठका घेता येतील, मात्र त्याचा आणि डॉक्टरांचा एकमेकांशी संपर्क हवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत असून तिथे मराठीतही बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा स्वतंत्र क्रमांक आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना फी नाही, आणि कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉन आहे. या सभा उपचारांची जागा घेत नाहीत, पण आधार मोठा देतात.

हिशेब कसा बसतो?

आठवड्याला एक बैठक आणि बैठकीला 1,000 रुपये धरले, तर वर्षाचे 52,000 होतात. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हे जड आहे. विमा मदतीला येईल का? मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असे 2017 च्या कायद्याचे कलम 21 सांगते. दुसरीकडे विमा नियामकाने 2019 साली वगळण्याच्या अटींची जी ठरावीक भाषा दिली, तिच्यातील 12 क्रमांकाची अट दारू व व्यसनाचे उपचार वगळू देते. ती अनेक पॉलिसींत छापलेली आढळते. कायदा ज्याला मानसिक आजारात धरतो, त्यालाच पॉलिसी बाहेर ठेवते. शिवाय बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, त्यामुळे बाहेरून घेतलेल्या बैठका तशाही बाहेरच राहतात. सभासदांनी पॉलिसीतील ही अट वाचावी. निवृत्तांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरावा, असे आम्हाला वाटते.

मंडळाने करण्याजोगे

आपले मंडळ उपचार करू शकत नाही, यादी करू शकते. मराठीत काम करणारे, नोंदणी पडताळलेले डॉक्टर व समुपदेशक, त्यांची फी, प्रत्यक्ष की व्हिडिओवर, आणि कुटुंबीयांना भेटतात का, एवढी माहिती पुरे. दर सहा महिन्यांनी ती तपासावी. अडलेल्या कुटुंबासाठी मंडळाच्या कल्याण निधीतून पहिल्या चार बैठकांचा खर्च द्यावा आणि तो थेट समुपदेशकाकडे जमा व्हावा. लाभार्थ्याचे नाव कार्यकारिणीच्या इतिवृत्तात येऊ नये.

ज्यांना चांगल्या तज्ज्ञांचा अनुभव आहे, त्यांनी ती नावे कार्यवाहांकडे द्यावीत. सोबत रुग्ण कोण, हे सांगण्याची गरज नाही आणि कोणी विचारूही नये.