गोधडी, बगळे आणि पाव इंच

मेकॅनिकलच्या पोराने गोधडीवर लेख लिहायचा म्हणजे काय, यावर आमच्या रूमवर भरपूर हसून झालंय. तरी लिहितो. मुद्दा मापाचा आहे, आणि मापाशिवाय आपलं पान हलत नाही.

आमचं गाव कोलाड. कुंडलिकेवर राफ्टिंगला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे कॅम्प झाले, रिसॉर्ट झाले. आमच्या वाडीतल्या चार बायका त्यांना गोधड्या शिवून देतात. आई त्यांतलीच एक. मध्यंतरी एकाने परदेशी नमुन्याचा फोटो दिला. एकामागे एक त्रिकोण, पक्षी उडत निघाल्यासारखे. अमेरिकेत याला 'फ्लाइंग गीज' म्हणतात. आजीने बघताक्षणी बारसं केलं, बगळ्यांची रांग! बगळे शिवून झाले, पण पट्ट्या एकमेकींना जुळेनात. माल परत आला, वर शेरा : "बायकांना माप कळत नाही."

हे मला मान्य नाही.

आजीच्या गोधडीत चूक साठतच नाही. खाली जुनं लुगडं, वर ठिगळं, कडा दुमडायच्या आणि धावदोरा घालत काठाकडून आत यायचं. ठिगळ मोठं निघालं तर जास्त दुमडा, लहान पडलं तर शेजारचं त्यावर ओढा. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची 'कवंद' गोधडीही अशीच काठाकडून आत येते. तिथे पट्टी लागत नाही, कारण चूक जागच्या जागी गिळली जाते.

बगळ्यांचं तसं नाही. दोन तुकडे जोडताना प्रत्येकाची पाव इंच माया शिवणीत जाते. ती नुसती १/१६ इंच जास्त गेली तरी दोन तुकड्यांचं मिळून १/८ इंच. बारा बगळ्यांच्या पट्टीत अकरा शिवणी, म्हणजे १.३७५ इंच गायब! शिवाय चोची कापल्या जातात त्या वेगळ्याच. याला आपण टॉलरन्स स्टॅक-अप म्हणतो आणि त्यावर मार्क मिळवतो. बायकांनी केलं की अडाणीपणा!

आता पद्धती. सुटे त्रिकोण कापून जोडणं सर्वांत वाईट, कारण उरेब कडा हाताळताना ताणते. दुसरी पद्धत सोपी : ४ × २ इंचाच्या बगळ्यासाठी ४.५ × २.५ चा आयत घ्यायचा, त्यावर २.५ चे दोन चौरस एकेक करून कर्णावर शिवायचे, कोपरा कापून उलटायचे. पण चार बगळ्यांना ९५ चौरस इंच कापड लागतं. तिसरीत ५.२५ चा एक मोठा चौरस आणि २.८७५ चे चार लहान. एकदम चार बगळे, कापड साधारण ६१ चौरस इंच. चिंध्या जवळजवळ नाहीतच. विकतचं कापड आणणाऱ्या बाईला हा फरक खिशात कळतो.

हे विचित्र आकडे आले कुठून? काटकोन त्रिकोणाला तिन्ही बाजूंनी पाव इंच माया दिली की भुज ०.८५४ ने वाढतो आणि कर्ण १.२०७ ने. ते वर ओढून ७/८ आणि १ १/४ केले. ज्याला पटत नाही त्याने जर्नलच्या मागच्या पानावर करून बघावं. उरलेला जादा भाग शेवटी छाटायचा, आणि खरी पट्टी लागते ती तिथे. पारदर्शक, मधे ४५ अंशांच्या दोन रेघा, टोकापुढे पाव इंचाची खूण. बाहेरून महागडी मागवायची काय गरज? ३ मिमी अ‍ॅक्रिलिक, हॅकसॉ, फाइल, स्क्राइबर. सगळं आपल्या वर्कशॉपमध्ये पडलेलं आहे.

आजीच्या गोधडीवर मात कुणी पट्टी घेऊन जाऊ नये. ती हाकलून देईल, आणि बरोबरच करेल.

पण आईला चार पट्ट्या हव्या आहेत, दोन इंची दोन आणि तीन इंची दोन. वर्कशॉपच्या सरांनी कात्रणं दिली तर शनिवारी दुपारी बसू. फाइल चालवायला दोन हात कमी आहेत.