चौदा ते अठरा

हा दिवाळी अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर निघायला लागले असतील. ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरकडे, पार कर्नाटकात गेलेली ही माणसं परततात ती गुढीपाडव्याच्या आगेमागे. फराळातल्या साखरेची आठवण करून देऊन वाचकाला ओशाळं करण्याचा आमचा हेतू नाही. बोलायचं आहे ते त्या घरांतल्या मुलींविषयी.

घराला कुलूप लागतं तेव्हा मुलाला आजीपाशी ठेवतात. त्याची शाळा असते. शाळा मुलीचीही असते. पण धाकट्याला सांभाळायला, भाकरी थापायला, फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, पाणी भरायला कुणीतरी लागतंच. या कामाची नोंद मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत नसते. मुलगी वयात आली की आणखी पेच. थकलेल्या आजीच्या भरवशावर तरणी पोर कशी ठेवायची? आणि बरोबर न्यावी, तर कोपीला धड दार नाही. मग ‘एकदा उजवली की सुटलो’. या आईबापांना अडाणी ठरवणं शहरात बसून फार सोपं आहे. त्यांची भीती खरीच आहे. तिची किंमत दरवेळी मुलीनेच का मोजायची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मुलाकडच्यांनाही घाई असतेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या माणसाचा अर्धा. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीच्या हिशेबाने. सून आली की कोयता पुरा होतो, उचल वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होत्या. बीडमध्ये सुमारे ४४, परभणीत ४८. भिंतीवर घोषणा रंगवून हा हिशेब बदलत नाही.

पुढचं आयुष्यही त्याच हिशेबात जातं. खाडा पडला की पैसे कापले जातात. मग पाळी असो की बाळंतपण, मोळी उचलावीच लागते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची माहिती तपासली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. चार दिवस वर्तमानपत्रांत गाजलं. पुढच्या हंगामात गाड्या वेळेवर निघाल्या.

शिक्षणहक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षापर्यंत. मुलीच्या लग्नाचं कायदेशीर वय अठरा. मधली चार वर्षं कुणाचीच नाहीत, आणि नेमकी तीच धोक्याची. राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजना मंजूर केली, हे चांगलंच झालं. पण वसतिगृहाचा उपयोग गाडी निघण्याआधी प्रवेश मिळाला तरच. डिसेंबरात उघडलेल्या दारापाशी येणार कोण? मुलगी तोवर फडावर पोचलेली असते.

वसतिगृहांत वेळेवर प्रवेश हे एक. दुसरं, तोडीची मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यावर जमा व्हायला हवी, आणि एकट्या बाईलाही पुरत्या मजुरीवर काम मिळायला हवं. कोयता जोडीनेच मोजायचा हा नियम कुठल्या कायद्यात नाही. तो कारखाने आणि मुकादम यांच्या सोयीचा आहे. वसतिगृहापेक्षा ही मागणी त्यांना जास्त झोंबेल. म्हणून यंदा तिच्यापासूनच सुरुवात करावी, असं आम्हाला वाटतं.