चावलं काय आणि लिहिलं काय

मृग निघाला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात पेरणी सुरू होते आणि तिच्याबरोबर चावेही. परंडा-भूमचा माळ असो की उमरगा-लोहाऱ्याची काळी जमीन, दगडाखाली विंचू, बांधाला साप आणि झाडाला आग्या मोहोळ ठरलेलंच. अशा वेळी रुग्णाला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यायचं, यावर आता वाद नको. कुणाला दम करून घ्यायचा असेल तर सूरह फातिहा गाडीत बसल्यावरही पढता येते, त्यासाठी उंबऱ्यात थांबायची गरज नाही.

आज मात्र आम्हाला दवाखान्यातल्या कागदाविषयी बोलायचं आहे. त्याकडे घाबरलेल्या घरात कुणाचंच लक्ष नसतं आणि महिन्याभराने सगळं त्याच्यावरच अडतं.

केसपेपरवर डॉक्टर काय लिहिणार? आपण सांगू ते. “काहीतरी चावलं हो साहेब” म्हणालो तर कागदावर ‘अननोन बाईट’ येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत प्रत्येक आजाराला, इजेला आणि तिच्या कारणाला एक सांकेतिक क्रमांक आहे. तिथे विषारी सापाचा एक्स-२०, विंचवाचा एक्स-२२, गांधीलमाशी व मधमाशीचा एक्स-२३. बिनविषारी किडा चावला तर डब्ल्यू-५७. आणि कशाचा पत्ताच नसेल तर एक्स-२९. क्रमांक डॉक्टर किंवा रेकॉर्डवाले लावतात, पण ते लावतात कागदावरच्या शब्दांवरून. विंचू (तो किडा नव्हे, त्याला आठ पाय असतात) डोळ्यांनी पाहिला असताना नुसतं ‘कीटकदंश’ लिहिलं गेलं, तर रुग्ण विंचवाच्या खात्यातून निघून किरकोळ किड्यांच्या खात्यात जाऊ शकतो.

म्हणून जो पेशंटला घेऊन जाईल त्याने चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: काय चावलं, कुणी पाहिलं, किती वाजता आणि कुठे. शेतात की घरात, हेही. आणि कागद हातात आला की वाचून घ्यावा. त्यात भिडेचं काही नाही. साप मारून पिशवीत नेण्याची मात्र गरज नाही, त्या नादात दुसराही चावून घेतो.

हे इतकं ताणून का सांगतोय? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये बँक खात्यातून कापले जातात, वय 18 ते 70. अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात. रस्त्यावरच्या अपघातात पोलिसांची नोंद लागते. सर्पदंश किंवा झाडावरून पडणं अशा घटनांत मात्र त्या वेळच्या दवाखान्याच्या नोंदीचा आधार हवा, असा या योजनेचा नियम आहे. म्हणजे तो घाईत फाडून दिलेला केसपेपरच पुरावा.

प्रत्येक चावा विम्याच्या भाषेत अपघात ठरतो असंही नाही. आसामच्या चहा कारखान्यातले एक व्यवस्थापक नोकरीला मोझांबिकला गेले आणि 2012 मध्ये तिथे मलेरियाने वारले. डास चावणं हाही अपघातच, असं पत्नीचं म्हणणं ग्राहक आयोगांनी मानलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये ते उलटवलं. जिथे तीन माणसांमागे एकाला मलेरिया होतो, तिथे तो अनपेक्षित म्हणता येणार नाही, असा निकालाचा रोख होता. साप-विंचवाचं तसं नाही. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश स्पष्ट धरलेले आहेत, मृत्यूला 2 लाख रुपये.

आता आपल्या घरांत जिथे हे अडतं ते बोलू. मय्यत घरात आहे, दफन लवकर व्हावं ही सगळ्यांची इच्छा, आणि शवविच्छेदनाचं नाव काढलं की वडीलधारे नको म्हणतात. भावना समजण्यासारखी आहे. पण सर्पदंशाचा मृत्यू अकस्मात मृत्यूत मोडतो आणि त्याची पोलिस चौकशी कायद्याने होते. शवविच्छेदन लवकर उरकावं, मय्यतीची अदब राखावी, अशी विनंती करता येते आणि करावी. मौलवीसाहेबांना आधीच विश्वासात घेतलं तर घरचा निम्मा वाद मिटतो. उपचारापूर्वीच मृत्यू झाला आणि शवविच्छेदन झालं नाही, तर राज्याच्या योजनेत त्या अहवालातून सूट आहे, पण त्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. न्याल ते प्रमाणपत्र चालेल का, हे तालुका कृषी कार्यालयात आधी विचारून घ्या.

दुसरी अडचण मुदतीची. या योजनेचा अर्ज 30 दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायला हवा, आणि बेवा बाईची इद्दत चार महिने दहा दिवसांची. इद्दत संपल्यावर बघू, असं म्हणत बसलं की मुदत निघून जाते. तिने घरात बसून सही करावी, कागद भावाने, दिराने किंवा मुलाने पोचवावेत. सातबारा, तलाठ्याकडची वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, पोलिसांचे कागद, सगळीकडे नाव एकच आहे का ते याच वेळी पाहावं. एका कागदावर शेख आधी आणि दुसऱ्यावर शेवटी, एकीकडे ‘बी’ आहे आणि दुसरीकडे नाही, हे आपल्याकडे घरोघर आहे.

दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र भरतात, नमुना 4. ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढंच त्यात लिहून भागत नाही. मृत्यूची रीत नको, ज्या आजाराने वा इजेने मृत्यू झाला ते लिहा, अशी सूचना त्या नमुन्यातच आहे. हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं! 2023 च्या दुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावी लागते. मागून घ्या.

नोंदीची किंमत बघायची तर डॉ. हिंमतराव बावस्करांकडे बघावं. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा मराठवाड्याचा माणूस, 1976 पासून महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात. लाल विंचवाने डसलेली माणसं डोळ्यांदेखत जात होती. त्यांनी रुग्णाशेजारी बसून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, नाडी हे सारं लिहून ठेवलं. 1982 मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि 1986 मध्ये प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

उलट जिथे नोंद होत नाही तिथे माणसं हिशेबातच येत नाहीत. घरोघर चौकशी करून केलेल्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावली. सरकारी दवाखान्यांच्या आकड्यांत त्यांतली थोडीच दिसतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करा असं राज्यांना लिहिलं. प्रतिविषाच्या किती बाटल्या कुठल्या केंद्राला द्यायच्या, हे ठरवायला आकडा लागतोच. परंड्याच्या माळावर चावलेला साप ‘अननोन’ राहिला, तर परंड्याची बाटली मागायची कुणी आणि कशाच्या जोरावर?