फोटोचा फोटो

कारखान्यातले औद्योगिक कॅमेरे इमेजसोबत वेळ, फ्रेम नंबर आणि सीआरसी नावाचा चेकसम पाठवू शकतात. वाटेत डेटा बिघडला तर लगेच कळतं. मुद्दाम बदल करणारा मात्र नवा सीआरसी काढून मोकळा! त्याला अडवायला डिजिटल सही लागते.

आता जव्हार-मोखाड्याकडे चला. रोजगार हमीचं काम मिळालं नाही की इथली कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. १ जानेवारी २०२३ पासून देशभर मनरेगाच्या सार्वजनिक कामांवर अ‍ॅपची हजेरी सक्तीची झाली: दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, वेळ आणि ठिकाणासकट. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच परिपत्रकात म्हटलं की भलतेच फोटो चढवले जाताहेत, चक्क फोटोचे फोटो काढले जाताहेत.

"मग सही घाला की" असं आमच्यातले लोक लगेच म्हणतात. अहो, कामावर उभं राहून काढलेल्या फोटोच्या फोटोवरही सही खरीच येणार. वेळ बरोबर, ठिकाण बरोबर, फाइल अस्सल. भिंगासमोर माणसं होती की कागद, हे सहीला काय कळणार? कारखान्यात कॅमेरा बोल्टने आवळलेला असतो. इथे तो कुणाच्या तरी हातात.

आणि रेंज नाही म्हणून फोटो चढलाच नाही तर? खाडा पडतो तो दिवसभर माती उपसलेल्या बाईचा. खोटं करणारा सहसा रेंजमध्येच असतो म्हणा.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याची हजेरी लिहिणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं: फोटोवरून शंका घ्या, तपासणीला माणूस पाठवा, ग्रामसभेत मस्टर वाचा. पण नुसता फोटो नाही म्हणून मजुरी कापणारी ओळ कोडमध्ये नको.