ग्रामोफोन नसलेल्या घरातली तबकडी

आमच्या मंगरूळपीरच्या घरात ग्रामोफोन कधीच नव्हता. तबकडी मात्र एक होती. ऐंशीच्या दशकात अकोल्याला रशियन पुस्तकांचे प्रदर्शन भरले होते. आमचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. ते तेथून गुळगुळीत कागदाची चार मराठी पुस्तके घेऊन आले आणि त्यांच्यासोबत ही तबकडी. "वाजवायची कशावर?" असे आईने विचारले. या प्रश्नाला वडिलांनी अखेरपर्यंत उत्तर दिले नाही. स्वस्त होती म्हणून घेतली, एवढेच ते म्हणत.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत ती पुन्हा ट्रंकेतून बाहेर आली. तिच्याबरोबर आणखीही एक वस्तू बाहेर आली, आणि ती येऊ नये म्हणूनच मी दरवर्षी ती ट्रंक स्वतः झाडायचा हट्ट धरतो. पण यंदा पुण्याहून आलेल्या चिरंजीवांनी माझ्याआधी कुलूप काढले.

ती दुसरी वस्तू म्हणजे माझा प्रबंध. वऱ्हाडातल्या जात्यावरच्या ओव्या हा विषय. अकरा वर्षांपूर्वी तो विद्यापीठातून परत आला तेव्हा पहिल्याच पानावर परीक्षक महाशयांनी लाल शाईने लिहिले होते : हे संकलन आहे, संशोधन नव्हे. वाचकहो, या सदरात मी दर आठवड्याला काहीबाही खरडतो ते तुम्ही गोड मानून घेता. पण त्या दिवसानंतर मी त्या प्रबंधाचा एकही कागद उलटलेला नाही. दारावरच्या पाटीवर पेंटरने माझ्या नावाआधी दोन अक्षरांची जागा मोकळी ठेवली होती. ती अजून मोकळीच आहे.

असो. तबकडीच्या वेष्टनावरची रशियन अक्षरे चिरंजीवांनी मोबाइलला दाखवली, आणि चाळीस वर्षे आमच्या घरात मुकी पडलेली ती वस्तू काय आहे हे त्या यंत्राने क्षणात सांगितले. सेर्गेई रखमानिनॉव्ह, पियानोचा दुसरा कॉन्चेर्तो. कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक आणि मोठा वाद्यवृंद यांची जोडीने मांडलेली बैठक. तबकडी काही वाजवता येईना, पण तीच रचना खुद्द रखमानिनॉव्हने 1929 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केलेली आहे. ती आम्ही मोबाइलवरून लहानशा स्पीकरवर लावली. फराळाच्या चकल्या तळल्या जात होत्या, त्यामुळे पहिले काही सूर तेलातच गेले.

ते सूर असे : पियानो एकटा, हळूच, एकामागून एक आठ स्वरसमूह वाजवतो. प्रत्येकाच्या खाली खर्जातला एक ठोका. लांबून ऐकू येणारी घंटा जवळजवळ येत जावी तसा आवाज वाढत जातो. रशियातल्या चर्चच्या घंटा या माणसाच्या कानात लहानपणापासून बसलेल्या होत्या. त्याचा पंजा इतका मोठा की त्याने लिहिलेले हे स्वरसमूह कित्येक पियानोवादकांना एका झटक्यात पकडता येत नाहीत, तोडून वाजवावे लागतात.

आपल्या सवयीप्रमाणे मला वाटले, आता हा गवई आलाप संपवून बंदिश उचलणार. आपल्याकडे मैफल एकाची असते. पेटीवाल्याने मागून चालायचे. पण येथे उलटेच झाले. आठ ठोके झाल्यावर चाल उचलली ती व्हायोलिनांच्या ताफ्याने आणि क्लॅरिनेटने, आणि पियानो, ज्याच्या नावाची ही बैठक, तो त्यांच्या खाली नुसता घरघरत राहिला! पुढे दुसरी चाल तो स्वतः गातो, नाही असे नाही. पण मधल्या संथ भागातही तेच. बासरी गाते, मग क्लॅरिनेट गाते, आणि पियानो त्यांच्याखाली स्वरांची जाळी विणत बसतो. सबंध रचनेत कोमल गंधाराची, कोमल धैवताची एक हुरहुर आहे, आसावरीची आठवण करून देणारी. मात्र तंबोऱ्याच्या आधाराने ऐकणाऱ्याला एक धक्का बसतोच. दुसऱ्या भागाच्या प्रारंभी षड्जच आपली जागा सोडतो आणि अलगद दुसऱ्या घरी जाऊन बसतो. पायाखालची सतरंजी कोणी हळूच ओढावी तसे झाले.

"तुम्हांला कळणार नाही हे," असे चिरंजीवांचे मत. मी म्हटले, बाळा, शंकर-जयकिशनच्या गाण्यांत जी व्हायोलिने तू आजीबरोबर ऐकलीस, ती लिहून काढणारा सेबॅस्टियन डिसोझा, किंवा 1958 साली मुंबईत इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारणारा अँथनी गोन्साल्विस, हे गोव्याचेच लोक. त्यांनी आमचे कान कधीच तयार करून ठेवले आहेत, आम्हांला न विचारता.

रात्री मग या माणसाची हकिकत वाचीत बसलो, आणि झोप उडाली. 1897 साली सेंट पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी वाजली आणि साफ पडली. तालमी अपुऱ्या झालेल्या होत्या. पण सेझार क्यूई नावाच्या टीकाकाराने, हे संगीत नरकातल्या रहिवाशांना आवडेल, अशा अर्थाचे लिहिले. रखमानिनॉव्ह तेव्हा तेवीस वर्षांचा होता. पुढची जवळजवळ तीन वर्षे त्याने नाव घेण्याजोगे काही लिहिले नाही. 1900 साली डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे तो रोज जाऊ लागला. डॉक्टर त्याला अर्धवट झोपेत नेऊन पुन्हा पुन्हा सांगत, की तू कॉन्चेर्तो लिहायला घेशील आणि तो सहज लिहून होईल. तो झालाही. 1901च्या नोव्हेंबरात मॉस्कोत त्याने तो संपूर्ण वाजवला आणि डॉक्टरांनाच अर्पण केला. ती पडलेली सिंफनी मात्र त्याच्या हयातीत पुन्हा वाजलीच नाही. तो 1943 साली अमेरिकेत वारला, आणि 1945 साली मॉस्कोत ती लोकांनी ऐकली, ती चांगली निघाली. क्यूईसाहेब तोवर कधीच निघून गेले होते.

हे सारे मी सौभाग्यवतींना सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली, "अहो, मग ते पहिले आठ ठोके त्यांना आधी सुचले असतील ना?"

नव्हते सुचले. गंमत तीच आहे. दुसरा आणि तिसरा भाग त्याने आधी लिहिला. डिसेंबर 1900 मध्ये ते दोनच भाग तो वाजवून मोकळा झाला. ज्या घंटांनी ही रचना सुरू होते तो पहिला भाग सर्वांत शेवटी आला.

"मग तुम्हीही पहिल्या पानापासून कशाला सुरुवात करता?" त्या म्हणाल्या. "ते लाल शाईचे पान आहे. दुसरे एखादे काढा." आणि दिवा मालवून झोपी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिरंजीवांनी पुन्हा तेच लावले. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. सत्तरी उलटलेल्या, माझ्या प्रबंधातल्या चाळीसेक ओव्या त्यांच्याच तोंडच्या.

"काय हो सर, कोनाच्या घरी काई झालं का? हे काय लावून राह्यले?"

"रशियाचं गाणं आहे काकू. ऐका तर."

त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. पियानो खाली घरघरत होता, व्हायोलिने वर गात होती. मग म्हणाल्या, "खाली जातं चालू हाय वाटते. वरतं बाई गाऊन राह्यली."

मी जागच्या जागी उभा राहिलो. चारशे पानांत मी ओव्यांचे शब्द उतरवले होते, त्यांतले माहेर, भाऊ, पंढरी सगळे मोजले होते. जात्याच्या आवाजाला एक ओळही दिली नव्हती. ओवी कोठे थांबते, कोठे लांबते, पहिलीचा दम संपला की दुसरी कोठे उचलते, हे सारे त्या घरघरीवर चालते, आणि ती मी कधी ऐकलीच नव्हती. काकूंनी मला ओव्या सांगितल्या होत्या त्या ओसरीवर बसून, चहा पिता पिता. परीक्षक महाशयांची लाल शाई मला अजूनही गोड लागत नाही, पण ते अगदीच चुकले होते असे आता छातीठोक म्हणवत नाही.

"काकू, तुमचं जातं आहे का हो अजून?"

"हाय ना. गोठ्यात पडलं हाय. पन खुंटा नाही त्याले."

भाऊबीज झाली की सुताराकडे जायचे आहे. खुंटा बाभळीचाच हवा, असे काकूंनी बजावले आहे.